आधी पेट्रोल, मग ठिणगी, मग हवा

किल्ली लावण्याआधी जरा गाडीशेजारी बसा. पायरी असेल तर पायरीवर, नसेल तर उकिडवं. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात पायऱ्यांना तोटा नाही. कोतवाली आणि सराफ्याजवळच्या या जुन्या वस्तीत घरांच्या पायऱ्या थेट गल्लीत उतरतात आणि मोटारसायकल त्यांच्याच कडेला रात्र काढते. वेळ सकाळची निवडा. दूधवाले येऊन गेलेत, शाळेच्या रिक्षा अजून यायच्या आहेत, अशी मधली. इंजिन गार, टायर गार, आणि तुम्हालाही अजून कुणी हाक मारलेली नाही.

आधी जमिनीकडे बघा. रात्रीत काही ठिबकलंय का? काळपट, चिकट डाग दिसला तर तो ऑइलचा. पेट्रोल गळलं असेल तर डाग उडून गेलेला असतो, वास मागे राहतो. म्हणून खाली वाका आणि एक श्वास सावकाश घ्या. मग नजर मागच्या टायरवर आणा. अंगठ्याने दाबून हवा कळते असं पुष्कळांना वाटतं; टायर जवळजवळ बसल्याशिवाय अंगठ्याला काहीही कळत नाही. हवा मोजायची ती टायर गार असताना, कारण चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. पण ते काम पंपावरचं. इथे गाडी डबल स्टँडवर घ्या, चाक हाताने हळू फिरवा आणि खाचांत रुतलेला खडा, काच, खिळ्याचं डोकं दिसतं का तेवढं पाहा.

एव्हाना मनात यादी सुरू झाली असेल. चेन, ब्रेक, इन्शुरन्सची तारीख, पीयूसी, बॅटरी किती जुनी झाली. होऊ द्या. धास्तीचा स्वभावच असा की ती सगळ्या गाडीला एकदम हात घालते, आणि म्हणून कुठेच पोचत नाही. डोळ्यांना आणि बोटांना मात्र एका वेळी एकच जागा जमते. यादीला सांगा, आज फक्त चेन.

इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला. चालू इंजिनवर चेनजवळ हात नेऊ नये; त्यात बोटं जातात. स्प्लेंडरसारख्या गाडीची चेन पत्र्याच्या कव्हरात झाकलेली असते आणि त्या कव्हराला एक रबरी बूच असतं. ते काढलं की चेनचा खालचा पदर दिसतो. मधोमध बोट लावून तो वर ढकला, मग खाली दाबा. एकूण खेळ दोन-तीन सेंटिमीटरच्या घरात हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आता चाक पाव फेरा फिरवा आणि पुन्हा बोट लावा. पुन्हा पाव फेरा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एखाद्या जागी ती ताठ लागेल, पुढे गेल्यावर पुन्हा लोंबेल. मोजायचं ते ताठ जागी.

बरेच जण चेन तारेसारखी ताणून घेतात आणि खडखड थांबली म्हणून खूश होतात. प्रत्यक्षात दोन माणसं बसली की मागचा भाग खाली दबतो, पुढच्या आणि मागच्या दातेरी चाकांतलं अंतर वाढतं, आणि आधीच ताठ असलेली चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग ओढायला लागते. तो सैलपणा तिथे मुद्दाम ठेवलेला असतो. बोट चेनवर असतानाच हे एकदा मनात फिरवा. कुणाकुणाशी वागताना आपण तो सैलपणा काढून टाकतो असा विचार आला तर येऊ द्या. नाही आला तरी चेन पाहून झालीच आहे. तेल घालायचं तर ९० नंबरचं गिअर ऑइल घाला. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून चेनवर ओतणारे आहेत, पण त्यात झिजलेल्या धातूची कणी असते, आणि तीच कणी आपण चेनच्या पिनांत भरतो.

या शहराला यंत्राची सवय जुनी. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची. सैन्याच्या शक्तिमान ट्रकचं काम आधी तिथे सुरू झालं, मग १९६९ मध्ये उभ्या राहिलेल्या व्हेइकल फॅक्टरीत गेलं. सैन्याची जोंगा ही जीपसारखी गाडी इथलीच. त्या नावातलं पहिलं अक्षर जबलपूरचं. त्यामुळे जुन्या मोहल्ल्यांत आयुष्यभर पाना चालवून निवृत्त झालेले एखादे काका सापडतातच. त्यांच्याकडे गाडी नेऊन "काका, कसलासा आवाज येतोय" म्हटलं की ते गाडीला हात लावत नाहीत. विचारतात, "वरचा की खालचा?" आपण गप्प. "गार असताना येतो, की तापल्यावर?" तेही आठवत नाही. "क्लच दाबल्यावर बदलतो का?" मग ते हसून चहा सांगतात आणि म्हणतात, "जा, एक चक्कर मारून ये, मग बोल."

ती चक्कर मारा. कानात काही न घालता. इंजिनच्या डोक्यातून येणारी बारीक टकटक बहुधा टॅपेटची, आणि टॅपेट सेट करायचे ते इंजिन पूर्ण गार असताना. तापलेल्या इंजिनवर कुणी घाईने फीलर गेज सरकवत असेल तर गाडी परत घ्या, उद्या या. खालून येणारी खडखड चेनची असेल तर गाडीचा वेग बदलला की तिची चाल बदलते. आवाजाला लगेच नाव देऊ नका. तो कधी येतो आणि कधी थांबतो एवढंच टिपा. माझ्या मते निम्मी दुरुस्ती इथेच होते, कारण मेकॅनिकला "आवाज येतो" असं सांगणारा माणूस इंजिन खोलून घेतो आणि "गार असताना वरून येतो, दोन किलोमीटरवर थांबतो" असं सांगणारा बहुतेकदा वाचतो.

फॅक्टऱ्यांत १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होते, आपल्या घरी खंडेनवमीला पाना-पकडीला हळदकुंकू लागतं, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार. हार शोभतो. फक्त काढताना दोराही सगळा काढा. हँडलवरून सुटलेला दोरा चाकाच्या आसाभोवती गुंडाळला जातो आणि फुलं वाळून गळाली तरी तो तिथेच असतो.

आता निघा. गल्लीतून बड्या फुहाऱ्याकडे जाताना दुसरा गिअर पडतो न पडतो. अर्धा क्लच, पाय ब्रेकवर, समोर हातगाडी, तिच्यापुढे गाय, मधेच वळणारी ई-रिक्षा. कमानिया गेटखाली तर विचारायलाच नको. काँग्रेसच्या १९३९ च्या त्रिपुरी अधिवेशनाची आठवण म्हणून उभारलेली ती कमान. आज तिच्याखाली थांबलेल्या माणसाला इतिहासापेक्षा आपलं तापणारं इंजिन जवळचं वाटतं. चिडायला भरपूर वाव आहे. त्याऐवजी लक्ष डाव्या हाताच्या बोटांवर आणा. क्लचची दांडी ओढताना गुळगुळीत येते, की मधेच करकरते? सोडल्यावर पटकन परत जाते, की रेंगाळते?

क्लचची वायर बहुधा एकदम तुटत नाही. दांडीत जिथे वायरच्या टोकाची गोळी बसते तिथे तिचा एकेक तंतू तुटत जातो. सिग्नलला हातमोजा काढून गोळीपाशी बोट फिरवलं तर उभी राहिलेली तार टोचते. टोचली की त्याच आठवड्यात वायर बदला. नेहमी लांब जाणारे काही लोक नवी वायर जुनीच्या बाजूने आधीच ओवून, बांधून ठेवतात; जुनी तुटली की रस्त्यावर फक्त दोन टोकं बदलायची. मला ही युक्ती फार आवडते.

इथून पुढचं मनातल्या मनात. नागपूरच्या रस्त्याला लागा. जबलपूरच्या मराठी घरांचा हा पाठ झालेला रस्ता. लग्न, मुंज, दवाखाना, साडी, काहीही निघालं की नागपूर. पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तिलवाऱ्याच्या पुलावर नर्मदा ओलांडलीत, बरगी मागे पडली, दोन्ही बाजूंना झाडी, आणि इंजिनने दोन आचके देऊन मान टाकली.

गाडीत अजून वेग आहे, तो वाया घालवू नका. क्लच दाबा, डावा इंडिकेटर द्या, डांबर सोडून मातीवर या. वळणावर असाल तर वळण ओलांडेपर्यंत ढकलत न्या. येणाऱ्या ट्रककडे पाठ करून उभे राहू नका. गाडी स्टँडवर लावा. आणि किक मारू नका.

अवघड जागा हीच. पाय किककडे जातोच, अंगठा बटनाकडे जातोच. कार्बोरेटरवाल्या गाडीवर वीस किका मारल्या की प्लग पेट्रोलने भिजतो आणि एका बिघाडाचे दोन होतात. हेल्मेट काढा. पाणी प्या. इंजिनचा पत्रा गार होताना टिकटिक वाजतो, तो ऐका. मनात काय येतंय तेही ऐका. आत्ताच का? परवाच तर सर्व्हिसिंग झालं. त्या पोराने काहीतरी ढिलं ठेवलं असणार. घरी काय सांगू? यातलं एखादं वाक्य खरंही असेल, पण गाडी कुणाच्याही दोषाने चालू होत नाही. त्या वाक्यांना बोलून घेऊ द्या.

मग क्रमाने जा. सगळ्यांत आधी हँडलवरचं लाल बटन. पिशवी घासून किंवा अंगठा लागून ते बंद झालेलं असतं आणि लोक घाम गाळत असतात. नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असला तरी इंजिन बंद पडतं.

नंतर पेट्रोल. टाकी हलवून आवाज ऐका, कॉक रिझर्व्हला न्या. टाकीचं झाकण उघडताना कान जवळ ठेवा. हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज आला, तर बिघाड हातात सापडला. त्या झाकणात हवेसाठी बारीक भोक असतं. धुळीने किंवा टाकीवरच्या रेक्झिनच्या कव्हराने ते बुजलं की पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत पोकळी धरते आणि थोड्या वेळाने पेट्रोल उतरायचंच थांबतं. थांबून राहिलं की गाडी आपोआप सुरू होते, पुढे जाऊन पुन्हा बंद पडते. अशा गाडीचा कार्बोरेटर खोलून साफ करून घेणारे लोक आहेत. बिघाड टाचणीएवढा असतो.

मग ठिणगी. प्लगची टोपी घट्ट आहे का पाहा. प्लग काढायचा तर इंजिन निवेपर्यंत बसा, कारण डोकं अॅल्युमिनियमचं आणि गरम असताना त्याचे आटे पटकन जातात. बाहेर आलेल्या प्लगचं टोक बिस्किटी रंगाचं असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ऑइलने ओलं, तर आत रिंगा झिजल्याची शंका घ्या. पांढरट, तर इंजिन तापतंय. पुसून परत लावताना पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच द्या. आटे बरोबर धरलेत हे बोटांना कळतं. पान्याला कळत नाही, तो वाकड्या आट्यातही जोराने घुसतो.

रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाच्या १९७४ च्या मोटारसायकलवरच्या पुस्तकात एका अडकलेल्या स्क्रूवर पानंच्या पानं आहेत. पुस्तक मधेमधे जड आहे, पण एक गोष्ट त्याने नेमकी पकडली: तो स्क्रू निघत नाही तोवर त्याची किंमत अख्ख्या गाडीएवढी असते. हा माणूस काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला होता. तिथल्या एखाद्या मेकॅनिकने त्याला स्क्रूबद्दल काही सांगितलं होतं का, हे विचारायला मला आवडलं असतं.

शेवटी हवा, म्हणजे फिल्टर. रस्त्याच्या कामाची धूळ खाऊन तो पार गच्च झाला असेल तर झटकून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं; तिथे फ्यूज आणि बॅटरीचे स्क्रू पाहून झाले आणि मीटरवरचा पिवळा दिवा जात नसेल तर हात आवरा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा फोन नंबर आहे.

आणि कुणी थांबलं तर थांबू द्या. "का हो गओ, बड्डे?" असं विचारत एखादा उतरेल, तुम्ही पाहिलेलंच पुन्हा सगळं पाहील. "ते बघून झालंय" हे वाक्य गिळा. दुसऱ्याच्या नजरेला सुटलेली वायर दिसते, आणि नाही दिसली तरी ढकलायला दोन हात वाढतात. एकच विनंती: ट्रकवाल्यांचं पाहून गाडीमागे दगड मांडलेत, तर निघताना ते उचला. अंधारात मागून येणारा दुसरा कुणीतरी दुचाकीवरच असतो.

राहिलं पंक्चर. टपरीवरचा पोरगा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधेल, जागा कानशीने घासेल, सोल्यूशन लावेल. ते सुकेपर्यंत तो फोन बघेल. त्या वेळात टायरच्या आत तुम्ही स्वतः हात घाला आणि बोटं सावकाश पूर्ण गोल फिरवा, कारण ज्याने ट्यूब फोडली तो काटा पुष्कळदा तिथेच असतो आणि घाईत राहून जातो. चाक बसवल्यावर चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्यात का पाहा, आसाचा नट त्याच्याकडून तुमच्यासमोर आवळून घ्या. मागच्या ब्रेकचा रॉड काढला होता, तो नटासकट परत लागलाय ना? टपरीसमोरच गाडी चार पावलं ढकला आणि ब्रेक दाबून बघा. लागला, तर पैसे द्या.