कर्म, फळ आणि शिडांच्या आरमारातला पगार

मोबदला श्रमाचा असावा, जोखमीचा असावा की हाती आलेल्या यशाचा, या न्यायविचारातील जुन्या प्रश्नाला अठराव्या शतकातील ब्रिटिश आरमाराने एकाच वेळी अनेक उत्तरे दिली होती, आणि त्यांचा आपसात मेळ बसत नव्हता. कप्तानाचा नेमका पगार जहाजाच्या प्रतीवर ठरे. त्याखेरीज शत्रूचे जहाज पकडल्यास ते आणि त्यावरील माल विकून आलेल्या रकमेचे आठ भाग होत. १८०८ पर्यंतच्या वाटणीत त्यांपैकी तीन भाग कप्तानाकडे जात (तो अ‍ॅडमिरलच्या हुकमतीखाली असेल, तर त्यातला एक अ‍ॅडमिरलचा), आणि शेकडो खलाशांच्या वाट्याला मिळून दोन येत.

मे १७६२ मध्ये 'अ‍ॅक्टिव्ह' आणि 'फेवरिट' या जहाजांनी लिमाहून काडिझकडे निघालेले 'हर्मायनी' हे स्पॅनिश जहाज पकडले. युद्ध सुरू झाल्याची वार्ताच त्यावरील लोकांना नसल्यामुळे ते प्रतिकाराविना शरण आले. प्रत्येक कप्तानाला सुमारे ६५,००० पौंड मिळाले, तर साध्या खलाशाला सुमारे ४८५. कसलेल्या खलाशाचा पगार २८ दिवसांच्या महिन्याला २४ शिलिंग होता हे ध्यानी घेता ही रक्कम त्याच्या तीस वर्षांच्या कमाईहून अधिक भरते. याउलट ब्रेस्ट बंदराची नाकेबंदी करणारी जहाजे वादळात महिनोन्‌महिने झुंजत राहत आणि फ्रेंच आरमार बाहेर पडले नाही, म्हणजेच कामगिरी पूर्णत्वास गेली, तर त्यांच्या हाती लुटीचे काहीच लागत नसे.

येथे निष्काम कर्माचा दाखला देणे सोपे आहे, पण तो अपुरा पडतो. फळाची आसक्ती कर्त्याने सोडावी हे ठीक; फळ वाटणाऱ्याने ते कोणत्या मापाने वाटावे, याविषयी तो उपदेश मौन पाळतो, आणि कर्त्याची अनासक्ती ही दात्याच्या अन्यायाची सबब होऊ शकत नाही.

बढतीचा नियम याहून विलक्षण होता. कप्तानपदापर्यंत वशिला चाले. होरेशियो नेल्सन १७७९ मध्ये विसाव्या वर्षी त्या पदावर पोहोचला, त्यात गुणांबरोबरच आरमारी कारभारातील बड्या अधिकारी मामाचाही हात होता. पुढे मात्र ज्येष्ठता हाच एकमेव निकष, म्हणजे वरची माणसे मरेपर्यंत जिवंत राहणे हीच पात्रता. वशिल्याला बांध घालणारा हा नियम निःपक्षपाती होता खरा, पण सहकाऱ्याच्या मृत्यूत स्वतःचे हित पाहायला तोच शिकवी. अधिकाऱ्यांच्या पंगतीत रक्तपाताच्या युद्धासाठी आणि रोगराईच्या हंगामासाठी पेला उंचावण्याची प्रथा पडली, तिला नुसती थट्टा म्हणून सोडून देता येत नाही. नियम निर्दोष असूनही तो मनात सदोष इच्छा रुजवू शकतो, ही गोष्ट नीतिशास्त्राने अजून पुरेशी मनावर घेतलेली नाही.

जहाजाविना बसलेल्या अधिकाऱ्याला 'अर्धा पगार' मिळे. नेल्सनने १७८७ च्या अखेरीपासून जानेवारी १७९३ पर्यंतचा बहुतेक काळ नॉरफोकमधील बर्नहॅम थॉर्प या गावी त्यावर काढला. ही रक्कम झालेल्या सेवेचे देणे की पुढच्या हाकेसाठी दिलेला विसार, हा वाद मिटला नाही. १७४७ पासून निरुपयोगी वृद्ध कप्तानांना कोणत्याही ताफ्याविना रिअर अ‍ॅडमिरल करून त्या हुद्द्याच्या अर्ध्या पगारावर घरी बसवले जाऊ लागले, तेव्हा त्यांच्यापुरता तरी विसाराचा युक्तिवाद उरला नाही, कारण त्यांना पुन्हा समुद्रावर बोलावण्याचा कोणाचाच विचार नव्हता.