अदृष्ट जीव आणि प्रमादाची हिंसा

इजा करणाऱ्याला इजा झालेला जीव दिसतही नसेल, तर त्या इजेला हिंसा म्हणावे काय, हा नीतिशास्त्रातील प्रश्न सागरी घळयांमधील शीतजल प्रवाळांच्या बाबतीत प्रत्यक्ष व्यवहाराचा होतो. समुद्रबूड जमीन संपून खंडान्त उतार सुरू होतो तेथे कोरल्या गेलेल्या खोल दऱ्यांना सागरी घळया म्हणतात. त्यांच्या कड्यांवरील या प्रवाळांना उष्ण, उथळ समुद्रातील प्रवाळांप्रमाणे सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या शैवालांचा आधार नसतो. सुमारे 4 ते 12 अंश सेल्सिअस तापमानाच्या काळोख्या पाण्यात, प्रवाहाबरोबर येणारे सूक्ष्म जीव व सेंद्रिय कण पकडून ते वर्षाकाठी फार तर दोन-तीन सेंटिमीटर वाढतात.

आयर्लंड व ब्रिटनच्या नैर्ऋत्येकडील व्हिटार्ड घळईत सुमारे 1350 मीटर खोलीवर, जवळजवळ उभ्या भिंतीवर, लोफेलिया प्रवाळांची दाट वसाहत आढळली आहे. तळ खरवडत ओढली जाणारी ट्रॉल जाळी अशा भिंतीवर चालत नाहीत; म्हणजे या वसाहतीला संरक्षण मिळाले ते कड्याच्या उभेपणामुळे, माणसाच्या संयमाचा त्यात वाटा नाही. शिवाय काठावरच्या ट्रॉलिंगने ढवळलेला गाळ घळईत उतरतो आणि तो फार साचला तर प्रवाळ गुदमरतात.

इमॅन्युएल कांटच्या मते माणसाची थेट कर्तव्ये विवेकशील व्यक्तींपुरतीच असतात आणि प्राण्यांशी क्रौर्य टाळायचे ते त्याने माणसाचे मन निर्ढावते म्हणून. परंतु नजरेआड घडलेल्या हानीने मन निर्ढावण्याचा प्रसंगच येत नसल्यामुळे हा युक्तिवाद येथे अपुरा पडतो. जैन विचार अधिक खोल जातो. उत्तराध्ययन सूत्रात प्रवाळाची गणना पृथ्वीकायिक, म्हणजे पृथ्वी हेच ज्यांचे शरीर अशा जिवांत केली आहे. आधुनिक प्राणिशास्त्र त्याला प्राणी मानते, त्यामुळे वर्गीकरण वेगळे असले तरी दगडासारखी भासणारी ही वस्तू सजीव आहे, हा निर्णय दोहोंचा एकच आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात तर प्रमादामुळे, म्हणजे बेसावध वृत्तीमुळे, होणारा प्राणघात अशीच हिंसेची व्याख्या आहे.

या व्याख्येनुसार जीव दिसला की नाही हे गौण असून सावधपणा बाळगला की नाही हे निर्णायक ठरते. युरोपीय संघाने 2016 मध्ये आपल्या अटलांटिक जलक्षेत्रात 800 मीटरपेक्षा खोल तळावरील ट्रॉलिंगवर घातलेली बंदी हा अशा सावधपणाचा कायद्यातील आविष्कार होय. घळयांत काय जगते हे कळल्यानंतरही जाळे न पाहता ओढले गेले, तर ते अज्ञान राहत नाही. तो प्रमाद होतो, आणि त्यातून घडणारी हानी ही हिंसाच असते.