विकलेले घर आणि भरपाईचे घर

भाड्याने दिलेली सार्वजनिक घरे त्यांतल्या भाडेकरूंनाच विकावीत का, आणि विकल्यावर तेवढीच घरे पुन्हा उभी राहतात का, हा वाद मुंबईच्या उपनगरांत जुना आहे. 1948 च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. कामगार आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे टागोरनगर व कन्नमवारनगर, गोरेगावचे मोतीलालनगर अशा वसाहती वसल्या. 1977 मध्ये म्हाडा ही राज्याची गृहनिर्माण यंत्रणा आली आणि मंडळाचा कारभार तिच्याकडे गेला. पुढे अनेक वसाहतींत रहिवाशांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था झाल्या. इमारत विक्रीखताने संस्थेला मिळाली. जमीन मात्र भाडेपट्ट्याने, मूळ मालकी म्हाडाकडेच ठेवून. विक्री योग्य मानणारा तो येथे पूर्वपक्ष आणि घरांचा साठा राखावा म्हणणारा उत्तरपक्ष.

उत्तरपक्ष: सार्वजनिक घर ही धर्मशाळेची खोली आहे. गरजेला यावे, परिस्थिती सुधारली की निघावे, खोली पुढच्याला मिळावी. ती विकली की एका कुटुंबाचे भले होते आणि मागची रांग तिथेच थांबते.

पूर्वपक्ष: या धर्मशाळेतून पाहुणा निघाला कधी? खोली बापाकडून मुलाकडे आली. भाडे इतके थोडे की त्यातून गळतीही थांबेना. जी खोली पुढच्याला मिळतच नव्हती, ती विकल्याने त्याचे गेले काय?

उत्तरपक्ष: तो कारभाराचा दोष होता. सुधारता आला असता.

पूर्वपक्ष: सुधारणे म्हणजे घराबाहेर काढणे. मुलगा शिकला, कमावू लागला, म्हणून आईबापांनी तीस वर्षांचा शेजार सोडायचा?

उत्तरपक्ष: काढू नये, भाडे वाढवावे. उत्पन्नाच्या प्रमाणात भाडे घेतले असते, तर त्यातून दुसरे घर बांधता आले असते.

पूर्वपक्ष: ते वसूल कोण करणार? वसाहतीतला माणूस तिथल्या मतदारयादीत आहे. रांगेतला माणूस कुठल्या यादीत आहे?

या प्रश्नाला उत्तरपक्षाकडे सरळ उत्तर नाही. भाडे वाढवावे हे तत्त्व म्हणून मान्य करता येते. ते वाढवणारे सरकार दाखवता येत नाही. म्हणून तो घराचा मुद्दा सोडून जमिनीकडे वळतो.

जुन्या इमारतींचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(5) या तरतुदीखाली होतो. वाढीव चटईक्षेत्राच्या मोबदल्यात म्हाडाने अधिमूल्य, म्हणजे रोकड घ्यावी किंवा बांधलेली घरे घ्यावीत, असे दोन मार्ग आहेत. 2010 मध्ये सरकारने घरांचाच आग्रह धरला. विकासकांना गणित जमेना आणि पुनर्विकास थंडावला. 2017 मध्ये अधिमूल्याची वाट पुन्हा खुली झाली.

उत्तरपक्ष: जमीन सार्वजनिक आहे, तर तिच्या वाढलेल्या किमतीतून सार्वजनिक घरेच यावीत. रोकड तिजोरीत जाते. तिचे घर कुठे आणि कधी झाले, हे कोणी विचारत नाही.

पूर्वपक्ष: घरांचाच हट्ट धरला त्या वर्षांत काय झाले? म्हाडाची घरे अडली, आणि रहिवासी टेकू लावलेल्या इमारतींत राहिले. न्याय कागदावर होता, सज्जा डोक्यावर.

उत्तरपक्ष: निदान तेव्हा कर्ज कोणाचे, हे तरी स्पष्ट होते. विक्री आज होते, भरपाई उद्यावर राहते. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात 2008 मध्ये पुनर्विकासाचा करार झाला आणि 672 कुटुंबे वर्षानुवर्षे घराबाहेर राहिली. समोर उभ्या असलेल्या रहिवाशाला दिलेले वचन असे लांबते, तर रांगेतल्या अनोळखी माणसाला दिलेल्या वचनाचे काय?

ब्रिटनचा अनुभव येथे उपयोगी आहे. 1980 च्या कायद्याने तिथल्या नगरपालिकांच्या भाडेकरूंना आपले घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. आलेला पैसा नव्या घरांवर खर्च करण्यावर मात्र निर्बंध होते. 2012 मध्ये इंग्लंडमध्ये वाढीव विक्रीतल्या प्रत्येक घरामागे एक नवे घर बांधण्याचे ठरले. बांधकाम विक्रीच्या मागेच राहिले. स्कॉटलंडने 2016 मध्ये आणि वेल्सने 2019 मध्ये हा हक्क बंद केला.

पूर्वपक्ष: मुंबईत निदान घरे येतात तरी. म्हाडा ती सोडतीत देते.

उत्तरपक्ष: देते म्हणजे विकते. गेले ते भाड्याचे घर होते. आले ते कर्ज काढून घ्यायचे. ज्याला बँक दारात उभे करत नाही, त्याच्यापुरती भरपाई झालीच नाही.

पूर्वपक्ष: मग भाड्याने द्या. तीस वर्षांनी त्याचाही मुलगा घर मालकीचे मागेल, आणि हाच संवाद पुन्हा होईल.

वाद येथे मिटत नाही. विक्री थांबवूनही तो मिटला नसता. मात्र एक गोष्ट त्यातून वेगळी काढता येते. भिंतींच्या बदल्यात भिंती मोजल्या, तर भरपाई काही प्रमाणात होते. भाड्याने राहण्याच्या संधीच्या बदल्यात तशीच संधी मोजली, तर ती जवळजवळ होत नाही. 2023 च्या मुंबईच्या सोडतीत 4,082 घरांसाठी एक लाखाहून अधिक अर्ज आले. त्या जाहिरातीत अत्यल्प, अल्प, मध्यम आणि उच्च असे चार उत्पन्न गट होते. चारही गटांसाठी घराची विक्री किंमत छापलेली होती. मासिक भाड्याचा रकाना नव्हता.