फाट्यावरून नदीकडे

जालना म्हटलं की लोकांना सळई आठवते, बियाणं आठवतं, मोसंबी आठवते. नदी कुणाला आठवत नाही आणि समुद्राचं तर नावच नको. तरीही या जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीने आखली आहे. अंबड, घनसावंगी आणि परतूर हे तालुके तिच्या पाण्यापाशी संपतात. उत्तरेला पूर्णा आणि तिला मिळणाऱ्या केळणा, गिरजा. मधून दुधना, खुद्द शहरात कुंडलिका. हे सगळं पाणी शेवटी गोदेचं. गोदेचा उगम अरबी समुद्रापासून ऐंशीएक किलोमीटरवर, पण ती त्याच्याकडे पाठ करते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. जालन्याचा समुद्रकिनारा शोधायचाच झाला तर तो आंध्रात, अंतर्वेदीच्या बाजूला सापडेल.

या जिल्ह्यात नदीकाठाने चालायचं तर एसटीने जावं असं माझं मत आहे, आणि ते काटकसरीपोटी नाही. स्वतःची गाडी घेऊन गेलेला माणूस त्या गाडीला बांधलेला असतो. जिथे ती उभी केली तिथे त्याला परत यावंच लागतं. म्हणजे अर्धी वाट नवी आणि अर्धी तीच, उलटी. नदी अशी चालत नाही. एसटीने गेलं की एका गावी उतरायचं, दुसऱ्या गावी चढायचं, आणि मधलं सगळं पुढे पुढे जाणारं.

असं चालणाऱ्यांची आपल्याकडे थोर परंपरा आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचं बरंचसं आयुष्य गोदाकाठाने हिंडण्यात गेलं. त्यांच्या मागे महानुभाव अनुयायांनी ते कुठे राहिले, कुठे बसले, कुठे जेवले याचा माग काढला आणि त्यातून ‘स्थानपोथी’ तयार झाली. तत्त्वज्ञान सांगायचा मोह बाजूला ठेवून हा ग्रंथ देऊळ कुठल्या दिशेला, दार कुठे, अमुक स्थान तिथून किती लांब, एवढंच सांगत जातो. या कोरडेपणात विलक्षण भक्ती आहे. पायाखालची जागा नेमकी ठाऊक असणं हीच तिथे उपासना झाली. शहागडच्या भागातून गोदा ओलांडली की पलीकडे गेवराई तालुक्यात पांचाळेश्वर लागतं. अलीकडे, जिल्ह्याच्या पार उत्तरेला, भोकरदन तालुक्यात जाळीचा देव आहे. आज दोन्हीकडे पंथाचे लोक एसटीने येतात. १६०८ साली घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत जन्मलेला नारायण ठोसर बाराव्या वर्षी घर सोडून नाशिकला गेला, तोही गोदेच्याच वरच्या अंगाला. पुढे त्याला लोक समर्थ म्हणू लागले. त्या मुलाला फाट्यावर कुणी गाडी थांबवून दिली नव्हती, इतकंच.

फाटा ही मात्र खास एसटीची देणगी आहे. मुख्य रस्ता नदीला समांतर जात असला तरी पुराला भिऊन अंतर राखतो. बस तुम्हाला फाट्यावर सोडते, गाव दोन-तीन किलोमीटर आत असतं आणि नदी गावाच्याही पलीकडे. एरवी ही गैरसोयच. नदीकडे निघालेल्याला ती फायद्याची, कारण त्याला गाव उलट्या क्रमाने भेटतं. आधी पानटपरी आणि कृषी सेवा केंद्र, मग शाळा, सोसायटी, ग्रामपंचायत, मग वेस, पडका वाडा, देऊळ आणि सर्वांत शेवटी घाट. गावठाण उंचवट्यावरच्या पांढरीत, भोवती काळी, आणि जुनी घरं पाण्याच्या बाजूला. रस्ता आला तसं गाव हळूहळू त्याच्याकडे सरकलं. ज्या बाजूने एकेकाळी पाहुणे नावेतून यायचे ती आता परसाची बाजू झाली आहे, आणि परसात जे टाकतात ते तिथे पडलेलं दिसतं. ते पाहून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या शहरातला नाला आठवावा.

हैदराबाद संस्थानात सरकारी बस आली ती १९३२ साली, निजामाच्या रेल्वेखात्यामार्फत. एसटीचा वाढदिवस १ जून १९४८ चा, पुणे-नगर गाडीचा; मराठवाड्याचा बसशी परिचय त्याहून जुना आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्यांमधली माणसंच बदलली. आता कामाच्या दिवशीही माहेरी, बाजाराला, देवीला निघालेल्या बाया गाडीत असतात. अंबडची मत्स्योदरी जवळच. नदीकाठच्या गावांची खरी माहिती त्यांच्या बोलण्यात सापडते. कुठल्या घाटावर पाय घसरतो, कुठल्या डोहात यंदा कोण गेलं.

डोहांचं मनावर घ्यायला हवं. गोदेची वाळू इतकी उपसली गेली आहे की वरून सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली खड्डे आहेत. त्यात जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी इथल्या बंधाऱ्यांनी नदीची तऱ्हाच बदलली. १९७६ साली जायकवाडी पुरं झालं तेव्हापासून खालची गोदा तशीही सोडलेल्या पाण्यावरच जगते. पूर्वी दिवाळीनंतर पात्रातल्या वाळूतून चालत गावं जोडता येत, आता बंधाऱ्यांत तुंबलेलं पाणी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकतं. उसाला ते हवंच होतं, त्याबद्दल चालणाऱ्याने कुरकुर करू नये. पण त्यामुळे वाट पात्रातून उठून काठावर आली आणि काठ म्हणजे कुणाचं तरी शेत.

इथे कायद्यातली एक मौज आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या विसाव्या कलमानुसार नदीचं पात्र सरकारच्या मालकीचं. म्हणजे पाणी जिथे आहे तिथे तुम्हाला कुणी अडवणार नाही, पण तिथे चालता येत नाही. आणि जिथे चालता येतं तिथे परवानगी लागते. इंग्लंडने २००९ साली कायदा करून किनाऱ्याभोवती पायवाटेचा हक्क आखून दिला. आपल्याकडे पाणंद आहे, शिवरस्ता आहे, पण ते नदीला काटकोनात जातात, कारण ते बैलगाडीला पाण्यापर्यंत नेण्यासाठी झाले. पाण्याच्या कडेकडेने जायची गरज शेतकऱ्याला कधी पडली नाही, ती यात्रेकरूला पडली. म्हणून बांधावर भेटलेले बाबा विचारतात, “कुणाकडं आलात?” ‘कुणाकडेच नाही’ हे उत्तर चालत नाही. समृद्धी महामार्गापासून तर पाठीवर पिशवी असलेला अनोळखी माणूस मोजणीवाला वाटतो आणि चेहरे घट्ट होतात. “जोगलादेवीला चाललोय, काठाकाठानं” म्हटलं की सुटतात. पुढच्या गावाच्या नावात देवी असली की चालणं एकदम समजण्यासारखं होतं. मग ऊस कुठून टाळायचा तेही बाबाच सांगतात.

तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने गोदेऐवजी केळणा धरावी असं मला वाटतं. भोकरदन तिच्या काठी आहे, आणि भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. उज्जैनहून पैठणकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरच्या या गावच्या लोकांनी सांचीच्या स्तूपाला दान दिल्याचे लेख तिथे कोरलेले आहेत. १९७३ साली इथे उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती मिळाली, आणि इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य अभ्यासकांच्या लगेच लक्षात आलं. पाँपेई इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे त्याआधी या भागातलं कोरीव काम भडोचच्या बंदरातून रोमन जगात पोचत असावं. ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या ग्रीक दर्यावर्द्याने नोंदवलं आहे की पैठण आणि तेरचा माल मोठमोठ्या रस्ताहीन मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला येतो. पावसाळ्यात काळ्या मातीत बुटाला चार बोटं चिखल घेऊन चाललेल्या कुणालाही त्या बैलांबद्दल आदर वाटेल. म्हणून जायचं ते हिवाळ्यात, ज्वारी उभी असताना.

भोकरदनहून केळणेच्या काठाने निघालं की ती जाफराबादला पूर्णेला मिळते. नदी अरुंद आहे, काठावर बाभळी आणि करंज, जागोजाग विहिरी आणि मोटारींचे पाइप. एका दिवसात सगळं अंतर तोडायचा हट्ट नको. दमलं की मधल्या एखाद्या गावातून फाट्यावर यायचं आणि हात दाखवायचा. जाफराबादला आगार असल्याने संध्याकाळच्या गाडीची चिंता तुलनेने कमी. तरी निघतानाच भोकरदनच्या स्थानकात विचारून ठेवावं. फळ्यावर एक वेळ असते आणि खिडकीतला कंट्रोलर दुसरी सांगतो; मी कंट्रोलरचं ऐकतो.