गावाचे छायाचित्र कोणाचे?

ब्रिटनमधील एखाद्या शहराच्या ग्रंथालयात, परगण्याच्या अभिलेखागारात किंवा गावातल्या इतिहासमंडळाच्या कपाटात बाजारपेठेची, चर्चच्या आवाराची, गिरणीच्या फाटकाची आणि आता नाहीशा झालेल्या गल्ल्यांची जुनी छायाचित्रे हमखास आढळतात, आणि ती पाहायला येणारे लोक बहुधा विद्वान नसून त्याच रस्त्यांवर वाढलेले रहिवासी असतात. साध्या रस्त्याचे छायाचित्रही जपून ठेवण्याजोगे असते आणि ते पाहताना गेलेल्या दिवसांविषयी जी हुरहुर वाटते तिलाही काही मोल असते, ही समजूत आज इतकी रुळली आहे की, ती कधीकाळी अस्तित्वातच नव्हती हे ध्यानात येत नाही. वस्तुतः ती सुमारे दीडशे वर्षांत टप्प्याटप्प्याने घडली, आणि प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र काढणारा, विकत घेणारा आणि जपणारा वेगवेगळा होता. या वाटचालीचा मुख्य धागा असा की, गावाचे छायाचित्र आरंभी बाहेरून आलेल्या माणसाचे होते आणि पुढे ते हळूहळू त्यात दिसणाऱ्या माणसांचे झाले. स्मरणरंजन, म्हणजे गतकाळाच्या आठवणींत रमण्याची वृत्ती, कितपत सार्थ आणि कितपत फसवी, याचा निवाडाही या मालकीच्या प्रश्नाला वगळून करता येत नाही.

या कल्पनेला पहिला आकार तंत्राने दिला. विल्टशर परगण्यातील लेकॉक येथे विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३५ साली आपल्या घराच्या खिडकीचे जे चित्र टिपले, ते आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने निगेटिव्ह मानले जाते; निगेटिव्ह म्हणजे प्रकाश आणि छाया उलट उमटलेली मूळ प्रत, जिच्यापासून कागदावर हव्या तितक्या सुलट प्रती काढता येतात. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात काचेवर कोलोडियन नावाच्या चिकट द्रावणाचा थर चढवून, तो प्रकाशसंवेदी करून, ओला असेपर्यंतच चित्र टिपून धुवावे लागे, आणि त्यामुळे छायाचित्रकाराला काचा, बाटल्या आणि अंधारा तंबू बरोबर घेऊन हिंडावे लागे. चित्रात विटांचे सांधेही स्पष्ट दिसत, पण काचेवर प्रकाश पडू देण्यास बहुधा काही सेकंद लागत असल्याने चालती माणसे आणि धावत्या घोडागाड्या एकतर पुसट उमटत किंवा मुळीच उमटत नसत. म्हणूनच त्या काळातील कित्येक रस्ते छायाचित्रांत निर्मनुष्य आणि निवांत दिसतात, आणि पुढच्या पिढ्यांनी जुन्या काळाचा म्हणून जो संथपणा हृदयाशी धरला, त्याचा काही भाग तरी त्या काळाचा नसून रसायनाच्या मंद गतीचा होता.

हा निवांतपणा बाजारात आणण्याचे श्रेय मुख्यतः फ्रान्सिस फ्रिथ यांच्याकडे जाते. १८२२ साली चेस्टरफील्ड येथे जन्मलेल्या आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथात वाढलेल्या फ्रिथ यांनी लिव्हरपूलमध्ये किराणा मालाच्या घाऊक व्यापारात पैसा मिळवला, १८५६ ते १८६० या काळात इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या प्रवासांत काढलेल्या छायाचित्रांनी नाव मिळवले, आणि १८६० साली सरे परगण्यातील रायगेट येथे स्वतःची कंपनी स्थापन केली. ब्रिटनमधील प्रत्येक लहानमोठ्या गावाचे चित्र आपल्या संग्रहात असावे, अशी त्यांची आकांक्षा होती. रेल्वेमुळे मध्यमवर्ग सहलींना बाहेर पडू लागला होता आणि १८७१ च्या कायद्याने बँकांना मिळालेल्या सार्वजनिक सुट्ट्यांची प्रथा पुढे इतर व्यवसायांतही पसरली, त्यामुळे भेट दिलेल्या स्थळाची आठवण म्हणून छायाचित्र विकत घेणारा ग्राहक आयता तयार झाला. या ग्राहकाला काय रुचेल यावर चित्राचा विषय ठरे. चर्चचा मनोरा, बाजारचौकातला क्रूस, जुना पूल आणि समुद्रकिनाऱ्याचा फेरफटक्याचा रस्ता यांना प्राधान्य मिळे, तर मजुरांच्या चाळवजा वस्त्यांकडे क्वचितच कोणी कॅमेरा वळवी. कंपनी १९७१ पर्यंत चालली आणि तिच्या मागे सुमारे ७,००० गावांची आणि शहरांची ३,००,००० हून अधिक छायाचित्रे उरली. ब्रिटनच्या स्थानिक आठवणींचा एवढा मोठा साठा मुळात पाहुण्यांसाठी जमवला गेला होता, ही गोष्ट त्याचा अर्थ लावताना विसरून चालत नाही.

याच सुमारास शहरांमध्ये कॅमेऱ्याकडे दुसरी कामगिरी आली. ग्लासगो शहराच्या जुन्या मध्यभागातील दाट आणि रोगट वस्ती पाडण्यासाठी १८६६ साली कायदा झाला, आणि पाडकाम हाती घेणाऱ्या विश्वस्त मंडळाने थॉमस ॲनन यांच्याकडून १८६८ ते १८७१ या काळात तेथील क्लोजची, म्हणजे उंच इमारतींमधून आत शिरणाऱ्या अरुंद बोळांची, छायाचित्रे काढून घेतली. लंडनमध्ये ऑक्सफर्ड आर्म्स ही घोडागाड्यांच्या काळातील प्रवाशांची सराई पाडली जाणार असे दिसताच १८७५ साली जुन्या लंडनच्या अवशेषांची छायाचित्रे काढणारी एक संस्था निघाली. तिने १८८६ पर्यंत १२० चित्रे प्रसिद्ध केली आणि ती फिकी पडू नयेत म्हणून कार्बन प्रिंट या टिकाऊ छपाईपद्धतीचा अवलंब केला. इमारत वाचवता येत नसेल तर निदान तिची प्रतिमा वाचवावी, हा विचार येथे प्रथम संघटित रूपात दिसतो, आणि विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली पुरातन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली तिच्यामागील अस्वस्थताही याच जातीची होती. ॲनन यांच्या चित्रांचे पुढे जे झाले ते विशेष बोधक आहे. पाडल्या जाणाऱ्या वास्तूंची नोंद म्हणून काढलेली ही चित्रे १९०० साली पुन्हा प्रकाशित झाली तेव्हा ती लुप्त झालेल्या जुन्या ग्लासगोची स्मृती ठरली, तर विसाव्या शतकातील वाचकांनी त्याच चित्रांत दारिद्र्याचा पुरावा पाहिला. बोळात वाळत घातलेले कपडे आणि भिंतीलगत उभी असलेली पुसट मुले तीच राहिली, पण त्यांना विचारले जाणारे प्रश्न बदलत गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विखुरलेल्या प्रयत्नांना चळवळीचे रूप आले. भूविज्ञानाचे अभ्यासक आणि शिक्षक जेरोम हॅरिसन यांनी १८८९ साली बर्मिंगहॅमच्या छायाचित्रकारांपुढे सबंध वॉरिकशर परगण्याची पद्धतशीर छायाचित्र-पाहणी करण्याची योजना मांडली. हौशी छायाचित्रकारांनी भाग वाटून घ्यावेत, प्रत्येक चित्रावर स्थळ आणि दिनांक लिहावा आणि संग्रह सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावा, असा तिचा आशय होता. संसद सदस्य सर बेंजामिन स्टोन यांनी १८९७ साली हीच कल्पना राष्ट्रीय पातळीवर नेऊन एक संघटना स्थापन केली, आणि १९१० साली ती विसर्जित होईपर्यंत तिच्या सभासदांची ५,००० हून अधिक छायाचित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये जमा झाली. स्टोन यांनी इमारतींबरोबर लोकाचारही टिपले. स्टॅफर्डशरमधील ॲबट्स ब्रॉमली गावात रेनडियरची शिंगे खांद्यावर घेऊन होणाऱ्या नृत्याची त्यांची छायाचित्रे विशेष प्रसिद्ध आहेत. इंग्लंडमधील या पाहण्यांचा अभ्यास करणाऱ्या एलिझाबेथ एडवर्ड्स यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या चळवळीकडे केवळ गतकाळाची ओढ म्हणून पाहू नये असा आग्रह धरला आहे, कारण पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडेल असा साठा तयार करणे हा तिचा स्पष्ट हेतू होता. मात्र या सगळ्या उत्साहातही रहिवाशांचे स्थान गौणच राहिले. चित्राखाली चर्चच्या खिडकीचा कालखंड नोंदवला जाई, पण दारात उभ्या असलेल्या बाईचे नाव सहसा नोंदवले जात नसे.

रहिवाशांना चित्रात हक्काची जागा मिळाली ती पाहणीपेक्षा स्वस्त पोस्टकार्डामुळे. १८९४ साली टपालखात्याने खाजगी प्रकाशकांच्या चित्रकार्डांना परवानगी दिली आणि १९०२ पासून कार्डाच्या मागच्या बाजूचे दोन भाग करून एकात पत्ता आणि दुसऱ्यात मजकूर लिहिण्याची मुभा मिळाल्याने पुढची संपूर्ण बाजू चित्राला मोकळी झाली. गावातील औषधविक्रेता किंवा टपालकचेरी चालवणारा दुकानदार स्थानिक छायाचित्रकाराकडून कार्डे करून घेऊ लागला, आणि कॅमेरा आल्याची वार्ता लागताच मुले, पाववाला आणि लोहार रस्त्यावर येऊन उभे राहू लागले. तोवर प्रकाशसंवेदी काचाही अधिक वेगवान झाल्या होत्या, त्यामुळे ही माणसे चित्रात स्पष्ट उमटली. हीच कार्डे नातेवाइकांना जात आणि आपल्या घराच्या खिडकीवर खूण करून ती पाठवण्याची रीतही रूढ होती, म्हणजे पाहुण्यासाठी काढलेल्या चित्रात रहिवाशाने स्वतःचे घर दाखवून द्यायला सुरुवात केली होती.

पहिल्या महायुद्धानंतर या चित्रांचा अर्थ नकळत पालटला. १९१४ पूर्वीच्या रस्त्यावर हसत उभे असलेले तरुण पुढे युद्धस्मारकावरील नावे झालेले असण्याचा संभव जवळजवळ प्रत्येक गावात होता, आणि त्यामुळे एडवर्ड राजाच्या काळातील खेडे हे हरवलेल्या सुखाचे प्रमाणभूत चित्र बनले. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाने शहरे उद्ध्वस्त होऊ लागली तेव्हा १९४१ साली राष्ट्रीय वास्तुनोंद संस्था स्थापन झाली आणि उभ्या असलेल्या इमारतींची छायाचित्रे घाईने जमवली गेली. युद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत जुन्या वस्त्यांचे निर्मूलन, नवे हमरस्ते आणि १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर बंद पडलेले रेल्वेमार्ग यांनी ब्रिटनचा चेहरा युद्धापेक्षाही व्यापकपणे बदलला, आणि साठ-सत्तरच्या दशकांत जुन्या छायाचित्रांची पुस्तके एकाएकी लोकप्रिय झाली ती याच पार्श्वभूमीवर.

या लोकप्रियतेबरोबर गंभीर आक्षेपही आले. वेल्समध्ये वाढलेले विचारवंत रेमंड विल्यम्स यांनी १९७३ च्या ‘द कंट्री अँड द सिटी’ या ग्रंथात दाखवून दिले की, इंग्लंडमधील प्रत्येक पिढीला खरे खेडे नुकतेच, आपल्या बालपणाच्या आसपास, नाहीसे झाले असे वाटत आले आहे, आणि त्या खेड्याचा शोध घेत मागे जाणारा वाचक सरकत्या जिन्यावर उभा राहिल्यासारखा शतकामागून शतक मागे नेला जातो. १९८७ साली रॉबर्ट ह्युइसन यांनी वारशाचा उद्योग ही संज्ञा वापरून अशी टीका केली की, कारखाने बंद पडत असलेला देश वर्तमानाला सामोरे जाण्याऐवजी भूतकाळाचीच निर्मिती करू लागला आहे. या आक्षेपांतील तथ्य नाकारता येत नाही. तपकिरी छटेच्या चित्रात थंडी, भूक, क्षयरोग आणि खंड थकल्यावर होणारी हकालपट्टी दिसत नाही. तथापि इतिहासकार रॅफेल सॅम्युएल यांनी १९९४ च्या ‘थिएटर्स ऑफ मेमरी’ या ग्रंथात दुसरी बाजू मांडली. इतिहास ही केवळ व्यावसायिक इतिहासकारांची मिरास नसून ती असंख्य हातांची निर्मिती आहे, आणि जुनी छायाचित्रे जमवणाऱ्या सामान्य माणसांनी विद्यापीठांनी दुर्लक्षिलेली जीवने उजेडात आणली, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच वेळी छायाचित्र आपोआप सत्य सांगत नाही याचीही त्यांनी जाणीव करून दिली.

या वादाचा निकाल पुस्तकांपेक्षा प्रत्यक्ष गावांनी अधिक स्पष्ट दिला आहे. उत्तर वेल्समधील कापेल केलिन हे वेल्शभाषक खेडे लिव्हरपूलच्या पाणीपुरवठ्यासाठी १९५७ च्या कायद्यान्वये धरणाखाली घालण्याचे ठरले आणि वेल्समधील तीव्र विरोध डावलून १९६५ साली ते पाण्याखाली गेले. तेथील शाळा, प्रार्थनामंदिर, शेतघरे आणि विरोधाच्या मोर्चांची जेफ चार्ल्स यांनी काढलेली छायाचित्रे वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि ती पाहणाऱ्यांची हुरहुर राजकीय जाणिवेपासून कधीच वेगळी राहिलेली नाही. न्यूकॅसल शहरातील बायकर या कामगारवस्तीत फिनलंडहून आलेल्या सिर्का-लीसा कॉन्टिनेन १९६९ पासून राहू लागल्या, स्वतःचे घर पाडले जाईपर्यंत राहिल्या आणि शेजाऱ्यांची छायाचित्रे व कथने त्यांनी १९८३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ब्रॅडफर्डमधील बेल व्ह्यू या स्टुडिओत पाकिस्तान, भारत, पूर्व युरोप आणि कॅरिबियन बेटांतून गिरण्यांत कामाला आलेल्या माणसांनी ठेवणीतले कपडे घालून काढून घेतलेली छायाचित्रे मायदेशी पाठवली; त्यांची फेकून दिली जाणारी निगेटिव्हे वाचली आणि शहराच्या संग्रहालयाकडे आली. ही चित्रे नसती तर ब्रिटिश शहराची आठवण एकाच वर्णाची आणि एकाच भाषेची ठरली असती. या तिन्ही उदाहरणांत स्मरणरंजन वर्तमानापासून पळ काढत नाही. कोणते जीवन मोडले, कोणाच्या निर्णयाने मोडले आणि शहर उभारणाऱ्यांत कोणकोण होते, हे ते विचारायला लावते.

यावरून गतकाळाची ओढ ही इतिहासाची शत्रू मानणे जितके चुकीचे, तितकेच तिला इतिहास मानणेही चुकीचे ठरते. ती इतिहासाची सुरुवात असते, कारण जिव्हाळा नसेल तर कोणी जुन्या चित्राकडे दुसऱ्यांदा पाहतही नाही. परंतु त्या जिव्हाळ्याला माहितीची जोड मिळाली नाही, तर चित्र शोभेची वस्तू होऊन बसते. हॅरिसन यांनी स्थळ आणि दिनांक यांचा आग्रह धरला होता. आज त्यात माणसांची नावे, त्यांचे व्यवसाय आणि त्यांनी स्वतः सांगितलेल्या आठवणी यांची भर घालणे हे ग्रंथालयांचे आणि इतिहासमंडळांचे सर्वांत निकडीचे काम आहे, कारण १९५० च्या दशकातील रस्ता ओळखणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. गावाचे छायाचित्र त्या गावच्या माणसांचे खऱ्या अर्थाने तेव्हाच होते, जेव्हा त्यांना चित्रात केवळ जागा नव्हे, तर त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकारही मिळतो.