उंदीर, व्यायाम आणि अहिंसेची कसोटी

माणसाची स्मृती वाचवण्यासाठी उंदराला आजारी पाडणे धर्मात बसते का, हा प्रश्न अल्झायमरच्या संशोधनातून उभा राहतो. प्रयोगातल्या उंदरांत हा आजार मानवी जनुक घालून रुजवलेला असतो. २००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील पॉल अ‍ॅडलार्ड, कार्ल कॉटमन आणि सहकाऱ्यांनी अशा उंदरांना पाच महिने फिरत्या चाकावर धावू दिले. त्यांच्या मेंदूत अल्झायमरशी निगडित अमायलॉइड प्रथिनाचे साठे कमी आढळले आणि ते शिकलेही लवकर. २०१८ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी कारणाचा एक धागा उलगडला: व्यायामाने हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित मेंदूच्या भागात नव्या चेतापेशी तयार होतात आणि त्यांना पोसणारे बीडीएनएफ हे प्रथिनही वाढते, लाभासाठी नुसत्या नव्या पेशी पुरत नाहीत.

चाकावर उंदीर आपल्या मर्जीने धावतो. हिंसा असते ती त्याआधी आणि त्यानंतर: आजार माणसाने लावलेला असतो आणि मेंदूचे काप तपासण्यासाठी शेवटी जीव घेतला जातो.

या हिंसेचे मोजमाप जैन आचारशास्त्रात सापडते. हे शास्त्र गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी (जाणूनबुजून केलेली), आरंभी (घरकामात होणारी), उद्योगी (व्यवसायात होणारी) आणि विरोधी (स्वसंरक्षणात होणारी) असे चार प्रकार करते. श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, पहिली सोडायचीच असते, बाकीच्या शक्य तितक्या आवरायच्या असतात. संशोधकाचा हेतू रोगनिवारणाचा असल्याने ही हिंसा उद्योगी वाटते. पण नांगरताना किडा मरतो तो ओघाने. प्रयोगात मरण आराखड्यातच असते. म्हणून ती संकल्पीकडे झुकते.

फळ दाखवून तिचे समर्थन पुरे होत नाही. २०१८ मध्येच ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ४९४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत चार महिन्यांच्या व्यायामाने बुद्धीची घसरण मंदावली नाही. शिवाय तत्त्वार्थसूत्र हा जैन ग्रंथ हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेपर्वाईत पाहते. तिथे परिणामाआधी वृत्ती तपासली जाते.

भारताचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा अनावश्यक वेदना टाळायला सांगतो. मात्र लहान प्राण्यावर काम भागत असेल तर मोठा प्राणी वापरू नये, असेही म्हणतो. जैन दृष्टीला ही सवलत मान्य नाही: उंदीर आणि कुत्रा दोन्ही पंचेंद्रियच, म्हणजे पाचही इंद्रिये असलेले जीव. या कसोटीवर असा प्रयोग निर्दोष कधीच ठरत नाही. प्राण्यांची संख्या घटवणे, वेदना कमी करणे आणि पर्याय शोधणे यांनी दोष हलका होतो, संपत नाही.