काळजी वाहणारे

निवडणूक हरणं तसं काही अवघड नसतं. मी स्वतः एकदा हरलो आहे, आणि त्यासाठी मला विशेष कष्ट पडल्याचं आठवत नाही. आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीची निवडणूक होती. नऊ जागांपैकी आमच्या पॅनेलला दोन मिळाल्या. त्यांतली एक माझी, आणि तीही माझ्यासमोर उभे असलेले गृहस्थ ऐनवेळी बंगळूरला मुलाकडे गेले म्हणून. अवघड असते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. दूध आणायला जिना उतरावा, तर भेटेल तो "वाईट वाटलं हो" असं म्हणतो, आणि एवढ्या जणांना वाईट वाटलं असेल तर मतं कुणी दिली नाहीत, याचा हिशेब काही केल्या लागत नाही.

आमचे पॅनेलप्रमुख नाना त्याच संध्याकाळी घरी आले. "मी जबाबदारी स्वीकारून बाजूला होतोय. उद्या नाशिकला लेकीकडे चाललो. दिवाळीनंतर आपली मंडळी बसून नवा माणूस ठरवतील. तोपर्यंत तुम्ही बघा," एवढं म्हणून त्यांनी एक फाइल माझ्या हाती दिली आणि चहा न घेता गेले.

"म्हणजे तुम्ही आता नक्की कोण झालात?" सौ.नं विचारलं.

"काळजीवाहू विरोधी पक्षनेता."

"अगं बाई! काळजी तुम्ही वाहणार?" असं म्हणून ती आत गेली. आत गॅस संपला होता, हे मला नंतर कळलं.

पण शब्द बघा कसा आहे. हमाल ओझं वाहतो, बैल नांगर वाहतो, तसा हा काळजी वाहतो. सत्ता नाही, निवडून दिलेलं पद नाही, उद्याची खात्री नाही. आहे ती फक्त काळजी. काळजीवाहू सरकार आपल्याला ठाऊक असतं, त्याच्याकडे निदान गाडी तरी असते. काळजीवाहू विरोधी पक्ष हा त्याहून केविलवाणा प्राणी. तो कसा असतो हे बघायला मी त्या दिवसांत इंग्लंडच्या पार्लमेंटाविषयी वाचायला लागलो. आपल्या दुःखाला माणूस समदुःखी शोधतो. मला ते थेट वेस्टमिन्स्टरला सापडले.

तिथं ही विद्या फार जुनी आहे. 'महाराजांचा विरोधी पक्ष' हे शब्द हॉबहाउस नावाच्या सभासदानं १८२६ साली थट्टेनं वापरले आणि सभागृह हसलं. त्या थट्टेला १९३७ सालापासून सरकारी पगार सुरू झाला. (आपल्याकडे तसा कायदा १९७७ साली झाला. त्या वर्षी लोकसभेत विरोधी बाकांवर नेता म्हणून बसायची पाळी यशवंतराव चव्हाणांवर आली होती.) सरकारच्या प्रत्येक मंत्र्यासमोर विरोधी पक्षानं आपला एक छाया मंत्री बसवायचा. खऱ्यापाशी खातं, सचिव आणि शिपाई. छायेपाशी कागद आणि आवाज. आणि निवडणूक हरून नेता पायउतार झाला की नवा निवडेपर्यंत पहिला बाक रिकामा ठेवता येत नाही; सरकार काही थांबत नसतं. मग जे उरले असतील त्यांच्यातून तात्पुरती छाया पाडायची.

'जे उरले असतील' हेच त्यातलं दुखणं. २०१५च्या मे महिन्यात तिथल्या मजूर पक्षाचा पराभव झाला. एड मिलिबँड दुसऱ्या दिवशी गेले आणि उपनेत्या हॅरिएट हार्मन यांच्या हाती फाइल आली. बाईंची ही दुसरी खेप. २०१० साली गॉर्डन ब्राउन गेले तेव्हाही त्याच होत्या. पक्षाचा छाया अर्थमंत्री एड बॉल्स ४२२ मतांनी स्वतःच पडलेला. छाया परराष्ट्रमंत्री डग्लस अलेक्झांडर वीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीकडून हरलेला. स्कॉटलंडमध्ये पक्षाचे आधी ४१ खासदार होते, आता उरला एक. त्यामुळे स्कॉटलंडचा छाया मंत्री कोण, या प्रश्नावर फार खल झाला नसावा. इयन मरे यांना बहुधा कुणी विचारलंही नसेल. एकुलत्या एका जावयाला मानाचं ताट कुणाला वाढायचं हे कुठं विचारतात?

हुजूर पक्षावर ही वेळ आली ती २०२४च्या जुलैत. १२१ खासदार उरले, आणि वेल्समध्ये तर एकही नाही. मग वेल्सची छाया लॉर्डांच्या सभागृहातल्या एका सदस्यावर पाडावी लागली. ऋषी सुनक मात्र नाशिकला गेले नाहीत. हरलेला नेताच नवा येईपर्यंत काळजी वाहत राहिला. २ नोव्हेंबरला केमी बेडनॉक निवडून आल्या. त्याच्या तीनच दिवस आधी नव्या सरकारचं अंदाजपत्रक मांडलं गेलं आणि त्याला उत्तर द्यायला उभे राहिले ते सुनकच. निघायच्या आदल्या दिवशी भाडेकरूनं घराला रंग द्यावा तसं हे झालं. पण मला त्या गृहस्थांचं कौतुक वाटलं. नानांना हे मी पत्रानं कळवणार होतो, मग राहून गेलं.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय ते. काळजीवाहूनं करावं काय? नुसतं जागेवर बसून राहावं, की निर्णयही घ्यावेत?

माझ्यापुढे हा प्रश्न आमच्या रखवालदारामुळे आला. सगळी सोसायटी त्यांना मामा म्हणते. बावीस वर्षं फाटकावर. एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळे चोर आणि पाहुणे यांना ते सारख्याच अदबीनं आत सोडत. त्यांना काढून एजन्सीचे गणवेशातले दोन जवान ठेवावेत, असा ठराव नव्या कार्यकारिणीनं सर्वसाधारण सभेत आणला. आमच्या पॅनेलनं मामांना वर्षानुवर्षं सांभाळून घेतलं होतं, आणि आम्ही हरलो त्याचं ते एक कारण होतं, हे उघड होतं. मी रात्रभर विचार केला. लोकांनी कौल दिला आहे. त्याच्या विरुद्ध बोलणं म्हणजे लोकांना मूर्ख ठरवणं. शिवाय मी तात्पुरता. दिवाळीनंतर जो येईल त्याचे हात मी आजच कसे बांधू? तेव्हा तटस्थ राहावं. विचार इतका समतोल होता की मला लगेच झोप लागली.

हार्मनबाईंचंही नेमकं हेच झालं. २०१५च्या जुलैत सरकारनं कल्याणकारी मदतीत कपात करणारं विधेयक आणलं. त्यात गरीब कुटुंबाला मिळणारी मुलांसाठीची सवलत यापुढे जन्मणाऱ्या मुलांच्या बाबतीत दोनांपुरतीच, अशी अट होती. बाईंचं म्हणणं असं, की आपण लागोपाठ दोनदा हरलो, लोक काय सांगताहेत ते ऐकायला हवं. आंधळा विरोध नको. पक्षानं आपली दुरुस्ती मांडावी आणि ती पडली की मतदानात तटस्थ राहावं. २० जुलैला मतदान झालं. पक्षाच्या ४८ खासदारांनी आदेश मोडून विरोधात मत दिलं. नेतेपदाच्या शर्यतीतले चार उमेदवार होते, त्यांतल्या एकट्या जेरेमी कॉर्बिन यांनी विरोध केला. या गृहस्थांचं नाव यादीत आलं होतं तेच मुळी शेवटच्या घटकेला, आणि अर्जावर सही करणाऱ्या काहींनी तर 'चर्चा तरी रंगेल' म्हणून सही केली होती. १२ सप्टेंबरला ते ५९.५ टक्के मतं घेऊन नेते झाले. ते काही त्या एका मतामुळेच नव्हे. पण पुढच्याचे हात मोकळे राहावेत म्हणून जी गप्प बसली, तिच्या गप्प बसण्यानंही पुढचा कोण हे ठरायला हातभार लागला.

काळजीवाहू म्हटलं की आपल्याला भरत आठवतो. चौदा वर्षं नंदिग्रामात राहून त्यानं कारभार पाहिला, प्रत्येक गोष्ट म्हणे आधी पादुकांना निवेदन करी. पादुकांनी कधी 'नाही' म्हटल्याचं ऐकिवात नाही, तो भाग सोडा. पण भरताचं काम माझ्यापेक्षा सोपं होतं असं मला तेव्हा वाटलं. जागा कुणासाठी राखतोय हे त्याला ठाऊक होतं. रामाला काय रुचेल हे विचारलं की प्रश्न सुटत असे. हार्मनबाईंना चारांपैकी कोण राम निघणार हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. ज्याचा विश्वस्त व्हायचं तो जन्मालाच यायचाय! मग माणूस पादुका समजून समोर काय ठेवतो, तर मतमोजणीचा कागद.

असं मी सौ.ला समजावून सांगत होतो. तिनं भाजी निवडता निवडता एवढंच विचारलं, "पण मामांबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटत होतं?"

म्हटलं, "तो प्रश्नच नव्हता."

"बरं," ती म्हणाली. तिच्या 'बरं'मध्ये फार असतं.

सभेत काय झालं ते थोडक्यात सांगतो. ठराव मांडला गेला. मी फाइल मांडीवर घेऊन पुढच्या खुर्चीवर बसलो होतो. तळमजल्यावरचे निवृत्त चित्रकला शिक्षक, जे आजवर कुठल्याच सभेत बोलले नव्हते, उभे राहिले आणि म्हणाले, "बावीस वर्षं झाली. निदान डोळ्याचं ऑपरेशन तरी आपण करून द्या, मग काढा." एवढंच बोलून ते बसले. ठराव ३१ विरुद्ध १४ मतांनी पास झाला, तिघं तटस्थ. उरलेले दोन तटस्थ झोपले होते.

दिवाळीनंतर आमची मंडळी बसली आणि चित्रकलेच्या मास्तरांना प्रमुख केलं. मी फाइल दिली. त्यांनी ती उघडून पाहिली. नानांनी दिली होती तशीच होती.

मामांना निरोप द्यायला कार्यकारिणीनं शाल-नारळाचा कार्यक्रम ठेवला. मीही गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर ते ट्रंक घेऊन फाटकापाशी रिक्षाची वाट बघत उभे होते. मला चालीवरून ओळखलं असावं, कारण तोंड भलतीकडे होतं.

"साहेब," ते म्हणाले, "त्या दिवशी मीटिंगीत तुमी काय बोलला न्हाई. घसा बसला व्हता का?"

"हो," मी म्हटलं, "थोडा बसला होता."

"ज्येष्ठमध धरा तोंडात," मामा म्हणाले आणि रिक्षाला हात केला.